कंपनीचे ४० तास संस्थेला द्यायचेत, पण नेमकं काय द्यावं?

रेवा_हिंजवडी | १२ जून २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी हिंजवडीत एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. यंदा आमच्याकडे असं ठरलंय की ज्याची इच्छा असेल त्याने वर्षातले ४० तास ऑफिसच्या वेळेत, पगार चालू ठेवून, एखाद्या सामाजिक संस्थेसाठी काम करायचं, आणि काम आपल्या हातात जे कौशल्य आहे त्याचंच करायचं. प्रो बोनो म्हणतात तसं. हा मूळ वकिलांच्या जगातला शब्द, लॅटिनमधून आलेला, अर्थ लोकांच्या भल्यासाठी. आता आयटीवाले, सीए, डिझायनर सगळेच वापरतात.

याआधी आम्ही काय करायचो ते सांगते. दर ऑक्टोबरात दानउत्सवाच्या आठवड्यात, म्हणजे २ ते ८ ऑक्टोबर, बस काढायची, सारखे टीशर्ट घालायचे आणि एखाद्या शाळेत जाऊन भिंती रंगवायच्या. मागच्या वर्षी एका झेडपीच्या शाळेत आम्ही भिंत रंगवत होतो तेव्हा चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, ताई ही भिंत दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी रंगवली होती. ते मला आजपर्यंत टोचतंय. तिथल्या बाईंना आमच्यासाठी चहापाण्याची सोय करावी लागली, एक अख्खा दिवस शाळा बुडाली, आणि शाळेला मिळालं काय तर त्याच भिंतीवर आणखी एक फुलपाखरू.

म्हणून यंदा नीट करायचंय. आम्ही १२ जण तयार आहोत, सात डेव्हलपर, दोन टेस्टर, एक डिझायनर, एक जण फायनान्समधला आणि एक एचआरची. जुलै ते सप्टेंबर असा वेळ आहे. डोक्यात असं आहे की मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एखाद्या संस्थेला अ‍ॅप बनवून द्यावं. मुलांची हजेरी, आरोग्य तपासणी, देणगीदारांना रिपोर्ट, सगळं एका ठिकाणी. तुमच्यापैकी कोणी संस्थेत काम करत असेल किंवा असं काम केलं असेल तर सांगा. चुकत असू तर तेही स्पष्ट सांगा.

डोंगरवाटा | १२ जून, रात्री ११:१५

कल्पना उत्तम आहे. वाचतोय.

बालाघाट | १३ जून, सकाळी ६:५०

रेवाताई, तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून लिहिते. मी अंबाजोगाई भागात अशाच एका संस्थेत ११ वर्षं काम करतेय. मुलांचं बघते, हिशोबही बघते आणि रिपोर्टही मीच लिहिते, कारण आमच्याकडे तीन कामांना एकच माणूस असतो.

आमच्याकडे अ‍ॅप आलेलं आहे. २०१९ साली एका कंपनीचे (नाव लिहीत नाही) आठ-दहा जण आले, फार चांगली मुलं होती, मनापासून काम करत होती. त्यांनी अ‍ॅप बनवलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले. अ‍ॅप सगळं इंग्रजीत, आणि आमच्या वसतिगृहात मुलांना जेवू घालणाऱ्या, रात्री त्यांच्याजवळ झोपणाऱ्या मावशींना मराठी वाचता येतं पण इंग्रजी नाही, त्यामुळे दिवसाची हजेरी त्या वहीतच लिहायच्या आणि रात्री मी ती अ‍ॅपमध्ये टाकायचे, म्हणजे काम कमी व्हायचं सोडून दुप्पट झालं. तरी मी वर्षभर भरलं. मग लॉगिनचा ओटीपी ज्या मुलाच्या फोनवर जायचा त्याने नोकरी बदलली. त्याला फोन केला तर बिचारा बंगलोरला, म्हणाला ताई माझ्याकडे आता त्याचा ताबा नाही. नंतर सर्व्हरचं बिल भरायचं कोणी यावर मेलामेली झाली आणि एके दिवशी ते उघडायचंच बंद झालं. १४० मुलांची एका हंगामाची माहिती गेली. वही होती म्हणून वाचलो.

मी त्या मुलांना दोष देत नाही. पण त्यांनी येऊन आधी दोन दिवस आमच्याकडे बसून बघितलं असतं ना, तर अ‍ॅप बनवलंच नसतं.

आम्हाला खरं काय लागतं ते सांगू? दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्यामुळे जायचंच असतं, नवरा-बायको मिळून एक कोयता, मग लहान पोरं बरोबर आणि शाळेतली पोरं आमच्याकडे नाहीतर म्हाताऱ्या आजीकडे. आठ-दहा दिवसांत शंभर-दीडशे मुलांचे प्रवेश करावे लागतात. तेव्हा आईवडील कुठल्या कारखान्याला चाललेत, मुकादम कोण, कुणाचा नंबर लागतो, मुलाला कसली गोळी चालू आहे का, हे घाईघाईत कागदावर लिहिलं जातं. मग जानेवारीत रात्री दीडला पोराला फिट येते आणि आईचा नंबर लागत नाही, बाप कर्नाटकातल्या कुठल्या फडात आहे ते माहीत नाही, आणि मी तीन वह्या चाळत बसते. हे मी केलंय ताई. तो मुलगा आता दहावीला आहे, बरा आहे.

म्हणजे मला एक असा तक्ता हवाय जो मराठीत आहे, नेट नसलं तरी उघडतो, त्याची प्रिंट काढून भिंतीला लावता येते, आणि बिघडला तर मी दुरुस्त करू शकते. याला सात डेव्हलपर लागतात का ते मला माहीत नाही.

रेवा_हिंजवडी | १३ जून, सकाळी ९:०५

बालाघाटताई, ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि दोनदा वाचलं. सात डेव्हलपर लागत नाहीत. एक लागतो, तोही शांत बसून ऐकणारा. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतेय.

जमाखर्च | १३ जून, दुपारी २:२०

मी सांगलीत सीए आहे, गेली १५-१६ वर्षं लहान संस्थांचे हिशोब बघतोय, काहींचे फुकट आणि काहींचे नावापुरती फी घेऊन. रेवाताई, तुमच्या १२ जणांत सगळ्यात मोलाचा माणूस तुम्ही यादीत पार शेवटाकडे लिहिलाय, फायनान्सवाला.

बाहेरच्या लोकांना संस्था म्हणजे मुलं, झाडं, पाणी, दवाखाना असं दिसतं. संस्था बंद पडते किंवा अडकते ती बहुतेक वेळा कागदात. एक उदाहरण देतो, असं मी चार-पाच ठिकाणी बघितलंय. संस्थेचे जुने अध्यक्ष वारले. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली. गावात कुणाला ते माहीत नाही किंवा माहीत असून राहून गेलं. सहा वर्षांनी एक कंपनी चांगली रक्कम द्यायला तयार होते आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा मागते. उताऱ्यावर अजून स्वर्गवासी अध्यक्षांचं नाव! बँक सही बदलून देत नाही, कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पैसा दुसरीकडे जातो. इतकं चांगलं काम आणि अडलं कुठे तर एका अर्जावर.

मग आयकर खात्याकडची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण. कंपनीचा सीएसआर निधी (नफ्यातून समाजकार्यासाठी कायद्याने काढायचा पैसा) संस्थेमार्फत खर्च व्हायचा तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेच्या आत भरायचं, उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. ते भरल्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही आणि देणगीदार चिडून पुढच्या वर्षी देतच नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे अजूनही कित्येक पावतीपुस्तकवाल्यांना माहीत नसतं.

हे सगळं जो माणूस सांभाळतो त्याला आठ-दहा हजार पगार असतो आणि तोच धान्य आणायलाही जातो. तुमच्या फायनान्सवाल्याने ४० तासांत एवढंच करावं. संस्थेच्या वर्षभराच्या तारखांचा मराठी तक्ता, पावतीपासून टॅलीपर्यंतची नोंद कशी करायची ते शेजारी बसून दाखवणं, आणि कुठला कागद कुठल्या फायलीत याची यादी. मग तीन महिन्यांनी एकदा येऊन बघणं. हे दिसायला काहीच नाही, फोटो काढण्यासारखं तर अजिबात नाही. पण पुढची दहा वर्षं उपयोगी पडतं.

आणि तुमच्या कंपनीचा वकील असतो ना, करारमदार बघणारा, त्याला आणा. चेंज रिपोर्टचं काम त्याने एखाद्या स्थानिक वकिलाबरोबर बसून केलं तरी खूप.

रोखठोक | १३ जून, संध्याकाळी ७:४५

माझं मत जरा वेगळं आहे. कंपन्यांना तास द्यायचे नसतात, पैसे वाचवायचे असतात. सीएसआरचे २% द्यायचं जिवावर येतं म्हणून हे तासांचं काढलंय. बालाघाटताईंना दुसरा माणूस नेमायला पगार द्या की. हिंजवडीचा इंजिनिअर ४० तास बसवण्यापेक्षा त्याचा आठवड्याचा पगार संस्थेला दिला तर तिथे एक कार्यकर्ता चार-पाच महिने काम करेल. साधा हिशोब आहे.

जमाखर्च | १३ जून, रात्री ८:३०

रोखठोक, पगाराचं बोललात ते बरोबर, त्यावर येतो. पण तास देऊन २% वाचत नाहीत, कायदा तसा नाहीच. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होतं ज्यांचं नेट वर्थ (निव्वळ मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २% खर्च करायचे. आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलंय की कर्मचाऱ्यांच्या सहभागाला उत्तेजन द्या, पण त्या वेळेची किंमत काढून सीएसआर खर्चात धरता येणार नाही. म्हणजे रेवाताईंची कंपनी जे ४० तास देतेय ते २ टक्क्यांच्या वर, स्वतःच्या खिशातून. त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

आणखी एक गैरसमज. कंपन्या संस्थेला सांगतात की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, नियमच आहे. नियम आहे, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार त्यात येत नाही. हे संस्थेच्या वतीने कुणीतरी कंपनीच्या माणसाला नीट समजावून सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायला आपल्याच कंपनीतला, तीच भाषा बोलणारा माणूस असला तर ऐकलं जातं. हीसुद्धा प्रो बोनोच आहे की.

रोखठोक | १३ जून, रात्री ९:१०

तासांची किंमत २ टक्क्यांत धरत नाहीत हे माहीत नव्हतं, ते मागे घेतो. पण पैसा आणि तास दोन्ही द्या, एकाच्या बदल्यात दुसरं नको, हे माझं म्हणणं कायम.

दूरदेशी | १४ जून, पहाटे ४:३०

न्यू जर्सीहून. रोखठोक यांच्या म्हणण्याला जोडून लिहितो. इकडे बऱ्याच कंपन्यांत अशी पद्धत आहे की कर्मचाऱ्याने जितके तास संस्थेसाठी काम केलं त्याप्रमाणे कंपनी त्या संस्थेला पैसेही देते. डॉलर्स फॉर डूअर्स म्हणतात त्याला. त्यामुळे तासांबरोबर थोडा निधी जातो आणि सर्व्हरचं बिल कोण भरणार हा प्रश्न उरत नाही. तुमच्या कंपनीला विचारून बघा.

दुसरं म्हणजे इकडे सॅन फ्रान्सिस्कोत २००१ साली टॅपरूट फाउंडेशन सुरू झालं, त्यांनी हे प्रो बोनो वकिलांच्या बाहेर काढून मार्केटिंग, एचआर, आयटीवाल्यांपर्यंत नेलं. मी त्यांच्यामार्फत एका छोट्या लायब्ररीसाठी काम केलं होतं. सुरुवातीलाच कागदावर लिहून घेतलं की काम काय, कधी संपणार, संस्थेकडून कोणाला किती वेळ द्यावा लागणार, आणि काय करणार नाही. मला तेव्हा वाटलं होतं, फुकट काम करतोय त्यात एवढी लिखापढी कशाला. पण काम निम्म्यावर आलं तेव्हा लायब्ररीवाल्यांना वेबसाइटपण हवी झाली आणि त्या कागदाने दोन्ही बाजूंना वाचवलं. फुकटच्या कामात माणूस नाही म्हणायला लाजतो, देणाराही आणि घेणाराही. बालाघाटताई, २०१९ ला अ‍ॅप नको असं तुम्हाला म्हणता आलं असतं का?

बालाघाट | १४ जून, सकाळी ७:००

नाही. खरं सांगते, वाटत होतं की नको पण म्हणाले नाही. त्याच कंपनीच्या निधीतून आमच्या धान्याचा अर्धा खर्च निघत होता. ज्याच्या पैशातून पोरं जेवतात त्याला नको कसं म्हणायचं? आणि ती मुलं एवढ्या उन्हात पुण्याहून आलेली.

शिवडी_ते_चिंचवड | १४ जून, सकाळी ११:३०

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी निवृत्त आहे, टाटा समूहातल्या एका कंपनीत ३१ वर्षं होतो, शेवटची वर्षं प्रोक्युअरमेंटमध्ये. समूहात २०१४ पासून टाटा एंगेज हा कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचा कार्यक्रम आहे आणि त्यात प्रोएंगेज म्हणून एक प्रकार, सहा महिन्यांपर्यंत शनिवार-रविवार एका संस्थेला द्यायचे. संस्था आधी आपली गरज लिहून देते, आपण त्यातून निवडायचं. मी मुंबईतल्या एका अपंग मुलांच्या संस्थेचं खरेदीचं काम घेतलं. तीन कोटेशन कशी मागवायची, दर कसे ताडून बघायचे, औषध आणि किराण्याचा साठा संपायच्या आधी कसं कळेल, हेच. आयुष्यभर केलेलं काम. तिथल्या एका मुलीला, बी.कॉम. झालेली, मी पहिले दोन महिने दाखवलं, पुढचे दोन महिने तिने केलं आणि मी नुसता बसलो, आणि शेवटचे दोन महिने मी मुद्दाम गेलोच नाही, फक्त फोनवर. पहिल्यांदा तिने चूक केली, डायपरची ऑर्डर दुप्पट दिली. मी निस्तरायला गेलो नाही, तिने दुकानदाराशी बोलून परत केली. त्यानंतर तिने मला कधी फोन केला नाही, दिवाळीचा सोडून.

मोठ्या पातळीवरची उदाहरणं आपल्याकडे जुनी आहेत. चाइल्डलाइन, १०९८ नंबर, १९९६ ला मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. पुढे देशभरातून फोन यायला लागले तेव्हा त्या कॉलची नोंद ठेवायला टीसीएसने सॉफ्टवेअर करून दिलं, प्रो बोनो. आणि कोहली साहेबांनी, म्हणजे टीसीएसचे पहिले सीईओ फकीरचंद कोहलींनी, २००० च्या सुमारास प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम काढला, साधारण ४० तासांत प्रौढ माणूस आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचू लागेल असा. कंपन्यांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर त्यावर चालतील असं ते सॉफ्टवेअर बनवलं होतं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्याकडे काय आहे ते बघून बनवलं.

बालाघाटताई, निधी देणारा आणि तास देणारा एकच असेल तर मध्ये तिसरा माणूस असावा. मुंबईत टूलबॉक्स इंडियासारख्या संस्था आहेत ज्या अनुभवी लोकांना संस्थांशी जोडून देतात, तसं कोणी मध्ये असलं की नाही म्हणणं सोपं जातं.

डोंगरवाटा | १४ जून, दुपारी १२:१०

काका, शेवटचे दोन महिने मुद्दाम न जाणं हे मनात राहिलं.

तांत्रिक_मांत्रिक | १४ जून, दुपारी ३:४०

रेवा, डेव्हलपर म्हणून थोडं. नवीन काही बनवू नका. संस्थेच्या नावाने डोमेन घ्या, बिल संस्थेच्या नावावर. गूगलचं वर्कस्पेस नोंदणीकृत संस्थांना फुकट मिळतं, अर्ज करायला कागद लागतात पण मिळतं. ईमेल व्यक्तीच्या नावाने न काढता पदाच्या नावाने काढा, म्हणजे माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो. ओटीपी संस्थेच्या कपाटातल्या एका साध्या फोनवर यायला हवा. साधी स्प्रेडशीट, मराठी रकाने, ऑफलाइन चालू, दर रविवारी पेनड्राइव्हवर कॉपी.

आणि एक फार गंभीर, ही लहान मुलांची माहिती आहे, आजारपणासकट. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ खालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती मागतो. तुमच्या १२ जणांपैकी कुणाच्याही लॅपटॉपवर खऱ्या मुलांची नावं जाऊ देऊ नका. खोटी नावं टाकून टेस्ट करा.

रेवा_हिंजवडी | १७ जून, रात्री ११:२०

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस ऑफिसात यावरच बोलणं चाललंय. बालाघाटताईंशी दोनदा फोनवर बोलले. जे ठरलं ते सांगते.

अ‍ॅप रद्द. टीममधल्या दोघांना वाईट वाटलं, त्यातला एक म्हणाला मग माझी गरज काय. त्याला बालाघाटताईंची पहिली पोस्ट वाचायला दिली. तो आता तक्त्याचं काम बघणार आहे आणि त्याचं आजोळ परळीचं निघालं, मुकादम आणि कोयता त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंच जाणार, तो, फायनान्सवाला आणि मी, दोन दिवस. लॅपटॉप न्यायचा नाही असं ठरवलंय, वही न्यायची. मावशींबरोबर बसायचं, ताईंच्या तीन वह्या बघायच्या. बाकीच्यांचे तास राखून ठेवलेत, दोन दिवसांनंतर ताई सांगतील तेव्हा आणि तेवढेच वापरायचे. एचआरची मैत्रीण म्हणते की रिकामे तास राहिले तर वर रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसेल. दिसू दे. मी साहेबांना तसं लिहून दिलंय.

दूरदेशींचा कागद केलाय, एक पान, मराठीत. त्यात एक ओळ ताईंनी घातली, मी आहे तशी लिहिते: संस्था कधीही कारण न देता काम थांबवू शकते आणि त्याचा निधीशी संबंध राहणार नाही. आमच्या कंपनीचा त्यांना सध्या निधी नाही, पण ओळ ठेवली. तासांबरोबर निधी द्यायचा का यावर वर विचारलंय, अजून उत्तर नाही, सोडणार नाही.

जमाखर्च, तुम्हाला एक विनंती. आमचा फायनान्सवाला कंपनीचा जीएसटी आणि ताळेबंद बघतो, विश्वस्त संस्थेचं त्याने काहीच केलेलं नाही. जायच्या आधी त्याला तासभर देता का?

जमाखर्च | १८ जून, सकाळी ८:१५

तासभर पुरणार नाही, रविवारी सकाळी दोन तास ठेवा. आणि बालाघाटताईंना म्हणावं परिशिष्ट एकचा उतारा आणि शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट काढून ठेवा. उताऱ्यावरची नावं आधी वाचून बघा.

बालाघाट | १८ जून, सकाळी ९:४०

वाचून बघितली. एक नाव बदलायचं राहिलंय, २०२१ पासूनचं. अर्ज आता करायचा तर काय काय लागेल ते रविवारी मलाही सांगा, मी पण फोनवर बसते.

रेवाताई, या तुम्ही. राहायची सोय वसतिगृहातच आहे, आता मुलं नाहीत त्यामुळे खोल्या मोकळ्या आहेत. मावशींना सांगितलं की पुण्याहून लोक येणार, त्या म्हणाल्या, परत मोबाइल भरायला लावणार का? मी म्हटलं नाही, यावेळी ते तुम्हालाच विचारायला येतायत. तर त्या दोघी काल संध्याकाळी मागच्या हंगामाच्या वह्या काढून बसल्या होत्या, काय काय सांगायचं त्याला खुणा करत.